नऊ शिट्ट्या

मित्रांनो, माझी शिट्टी तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकली असेल. चष्मा लावलेला एक म्हातारा खुर्चीत बसून मारामारीच्या सिनेमावर बोलतो आहे, मागून कुकरच्या शिट्ट्या येत आहेत, आणि प्रत्येक शिट्टीला तो दाराच्या पडद्याकडे वळून हात जोडतो आहे. ते पाहून तुम्ही हसला असाल. पुढे चार जणांना पाठवलंही असेल.

तो कुकर मी. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, आता जुना झालेला. माझी हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे. ती ऐकून झाली की तो व्हिडिओ पुन्हा पाहा आणि हसू येतं का ते बघा. माझं एवढंच म्हणणं आहे.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात एका जाड चकतीला यंत्राने दाबलं आणि माझं पोट तयार झालं. माझ्यासारखे तिथे रोज ढिगाने व्हायचे. पण बाहेर पडण्याआधी आम्हा सगळ्यांना एक गोष्ट दिलेली असते. आत वाफ जास्त झाली की ओरडायचं. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही. माणसं त्याला शिट्टी म्हणतात. आमच्या लेखी ती हाक असते. कुणीतरी या, गॅस बंद करा, एवढाच तिचा अर्थ.

तेव्हा बाजारात नवनवीन वस्तू येऊ लागल्या होत्या. रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराने जुनं भांडं द्या आणि कुकर स्वस्तात न्या, अशी पाटी लावली होती. राधाबाई आणि रतनराव तिथे आले ते एक पोचे आलेलं पातेलं घेऊन. दुकानदाराने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे लढाईवर गेलं होतं का?"

"हो," राधाबाई म्हणाल्या. "तुमच्याच दुकानातून भरती झालं होतं."

झाकणावर नाव काय घालायचं, दुकानदाराने विचारलं. भांड्यावर नाव घालायची रीत तुम्हाला माहीत असेल. रतनरावांनी 'राधा रतन' एवढंच सांगितलं. दुकानदाराने विजेच्या पेनाने ती अक्षरं कोरली. ती अजून आहेत. बोट फिरवलं तर हाताला लागतात.

त्यांचं घर धायरीला होतं. धायरी तेव्हा गावच होती. घराला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आतल्या खोलीत ओटा, मध्ये दाराला पडदा. रतनराव टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढून तारा जोडायचे. राधाबाई महापालिकेच्या बालवाडीत शिकवायच्या. मैत्री ही त्यांची एकुलती एक मुलगी.

राधाबाईंना शिट्टी मारता यायची. दोन बोटं तोंडात घालून मारलेली, थिएटरच्या या टोकाची त्या टोकाला ऐकू जाईल अशी. लग्नाआधी रतनरावांनी ती सिनेमाच्या अंधारात ऐकली. कोण हा पोरगा, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, तर चुलतबहिणीबरोबर बसलेली एक मुलगी. पुढे बालवाडीत नोकरी लागल्यावर राधाबाईंनी शिट्टी सोडली. पोरं घरी जाऊन तेच करतील, म्हणायच्या. मला घरी आणलं त्या दिवशी वरण लावलं. माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, माझ्या वाट्याची आता हा मारेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून झालं.

त्या दोघांना एकच नाद होता, मारामारीच्या स्वस्त सिनेमांचा. ज्यात हिरो खिशातून पिस्तूल काढतो आणि ते लाकडाचं असल्याचं आपल्यालाही दिसतं. ज्यात हेलिकॉप्टरचा नुसता आवाज येतो आणि सगळी माणसं वर बघतात. चांगले सिनेमे राधाबाईंना फारसे आवडत नसत. चांगल्या सिनेमात आपल्याला बोलायला जागा नसते, असं त्यांचं मत होतं. घरात केबल आली, मग सीडी आल्या, आणि रविवारी दुपारी वरण शिजेपर्यंत असा एखादा सिनेमा बघायचा हे ठरून गेलं. मी गॅसवर असायचो आणि सगळं ऐकायचो. एकदा खलनायकाची गाडी दरीत कोसळली. राधाबाई ओट्याशीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पडताना फियाट होती. खाली पोचेपर्यंत अँबॅसिडर झाली. जाता जाता बढती मिळाली बिचाऱ्याला."

रतनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते असे हसायला लागले की मला माझी वाफ हलकी वाटायची.

वर्षं गेली. लोक घरचे टेलिफोन परत करू लागले. रतनरावांना खात्यात काम उरलं नाही, ते लवकर निवृत्त झाले. राधाबाईही निवृत्त झाल्या. मैत्री शिकून आयटीत लागली आणि लग्न करून वाघोलीला राहायला गेली. आईवडिलांना करमत नाही हे तिच्या लक्षात आलं. एका रविवारी तिने आपला मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, तुम्ही जेवताना जे बोलता ना, तेच इकडे बघून बोला."

"आणि ती?" रतनरावांनी विचारलं.

"माझं तोंड ज्यांना बघायचंय ते घरी येतात," पडद्यामागून राधाबाई म्हणाल्या.

तर रतनराव एकटेच बोलायला लागले. नमस्कार, जयभीम, बसा, अशी त्यांनी सुरुवात केली. सिनेमा अगदी टाकाऊ होता. हिरोला गोळी लागली होती खांद्याला आणि तो लंगडत होता पायाने. रतनराव रंगात आले आणि नेमकी माझी शिट्टी झाली. मैत्री म्हणाली, अरे यार, परत घ्यावं लागणार. तेव्हा राधाबाई आतून म्हणाल्या, "राहू दे. त्या सिनेमाला गुण मिळाले."

तिथून ती पद्धत पडली. सिनेमाला तारे नाहीत, शिट्ट्या. रतनरावांनी बोलायला सुरुवात केली की राधाबाई मला गॅसवर चढवायच्या. वरणाला तीन शिट्ट्या लागतात. तिसऱ्या शिट्टीला त्यांनी गॅस बंद केला तर सिनेमा शिजलेला, बघायला हरकत नाही. चार झाल्या तर सिनेमा लगदा. पाच म्हणजे गाळ, मोरीत ओतावा. एका शिट्टीवर त्या कधीच थांबल्या नाहीत. एका शिट्टीत वरण कच्चं राहतं आणि घरातली माणसं उपाशी, म्हणायच्या. किती शिट्ट्या द्यायच्या हे रतनरावांनाही आधी माहीत नसायचं. तिसरी झाली की ते बोलणं थांबवून पडद्याकडे कान लावायचे. चौथी आली की हात जोडायचे. आणि आतून राधाबाईंचं एखादं वाक्य यायचं. मेलेला गुंड श्वास घेतोय, त्याला पंखा लावा. या मारामारीत फर्निचर जास्त जखमी झालंय. असं काहीतरी.

'मारधाड आणि वरणभात' असं मैत्रीने त्याला नाव दिलं. लोक बघू लागले. अमेरिकेतून बघायचे, कामशेतहून बघायचे. आज काकू किती शिट्ट्या देणार, म्हणून आपापसात पैजा लावायचे. कुणी लिहायचं, काकूंचा चेहरा दाखवा. राधाबाई म्हणायच्या, कुकर दाखवा त्यांना, माझ्यापेक्षा चकचकीत आहे. मग मैत्री शेवटची दोन मिनिटं मला खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवू लागली. लोक माझंही कौतुक करू लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. इतकी वर्षं मी शिजवलं, घासला गेलो, पालथा पडलो. कुणी मला छान म्हटलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्यात बदलली आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या शिट्टीला आता कुणी उठत नव्हतं. पूर्वी राधाबाई बाहेर असल्या तर रतनराव उठायचे, मैत्री धावायची, कधी शेजारच्या गोदाबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या की अहो, कुकर होतोय. आता शिट्टी झाली की सगळे बसून राहायचे, हसायचे आणि पुढच्या शिट्टीची वाट बघायचे. माझी हाक ही आता गंमत झाली होती.

मग मैत्रीने थेट प्रक्षेपण सुरू केलं. रविवारी दुपारी रतनराव बोलतात आणि लोक त्याच वेळी आपापल्या घरी बसून बघतात. फोन आता डब्याला टेकवलेला नसायचा. त्याला तीन पायांचा स्टँड आला होता.

त्या रविवारी राधाबाईंचं सकाळपासून डोकं धरलं होतं. मी ओट्यावर होतो, मला दिसत होतं. त्या डाळ धुताना दोनदा थांबल्या. त्यांनी रतनरावांना सांगितलं की आज बरं वाटत नाही. रतनराव म्हणाले, लोक येऊन बसलेत, एवढं उरकू आणि तू पड जरा. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. राधाबाईंनाही वाटलं, उरकू.

सिनेमाचं नाव होतं लोखंडी जबडा. रतनराव बाहेर बोलू लागले. राधाबाईंनी मला गॅसवर ठेवलं, झाकण लावलं, काडी ओढली. मग त्यांनी ओट्याची कड धरली. पहिली शिट्टी झाली तेव्हा त्या उभ्या होत्या. दुसरीला त्या खाली बसल्या. बसल्या कसल्या, घसरल्या. त्यांचा एक हात वर माझ्याकडे आला आणि अर्ध्यातच पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या बोलू पाहत होत्या. आवाज निघत नव्हता.

मित्रांनो, मग मी ओरडलो. मला जेवढं येतं तेवढं सगळं ओरडलो.

तिसरी शिट्टी. रतनरावांनी बोलणं थांबवलं, कान लावला.

चौथी. त्यांनी हात जोडले. लोक हसले असणार.

पाचवी. "गाळ," रतनराव म्हणाले.

सहावी. आजवर कधी सहा झाल्या नव्हत्या. "आज बाईसाहेबांनी दिग्दर्शकाला सक्तमजुरी दिलेली दिसते," ते म्हणाले.

सातवी. "राधा, सोड आता त्याला. पहिलाच सिनेमा आहे पोराचा."

आतून उत्तर आलं नाही. रतनराव फोनकडे बघून हसले. राधाबाईंचं गप्प बसणं हाच त्यांचा टोमणा, असं त्यांना वाटलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि लोकांना खूण केली की ऐका, अजून येतेय. तिकडे वाघोलीत मैत्री आपल्या फोनवर हे बघत होती. तिने खाली लिहिलं, आई आज फॉर्मात आहे.

आठवी. नववी. मग माझ्यातलं पाणी संपलं. ओरडायला वाफ उरली नाही. डाळ तळाला लागली.

"नऊ शिट्ट्या," रतनराव म्हणाले. "मंडळी, हा विक्रम आहे. आता मी आत जाऊन तिचे पाय धरतो. जयभीम, नमस्कार, उठा." त्यांनी फोन बंद केला आणि टाळ्या वाजवत पडदा बाजूला केला. टाळ्या वाजवत, मित्रांनो.

करपल्याचा वास आला म्हणून गोदाबाई त्याच वेळी दारात आल्या होत्या. त्यांनीच गॅस बंद केला.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, हे नेमकं कधी झालं. अशा आजारात तेच विचारतात, कारण सगळं वेळेवर असतं. पुष्कळांना ते सांगता येत नाही. रतनरावांना सांगता आलं. "दुसऱ्या शिट्टीला," ते म्हणाले. तेव्हा आत काहीतरी पडल्यासारखं त्यांना ऐकू आलं होतं, भांडं असेल असं वाटलं होतं. डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. रतनरावांनी पुन्हा तेच सांगितलं. बाहेरच्या खोलीतलं आणि रुग्णालयातलं हे सगळं मैत्रीने नंतर स्वयंपाकघरात गोदाबाईंना सांगितलं, तेव्हा मी पालथा होतो आणि ऐकत होतो.

राधाबाई परत घरी आल्या नाहीत.

मैत्रीने तो व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो तिच्या हातात राहिला नव्हता. कुणीतरी तिसऱ्या शिट्टीपासून नवव्या शिट्टीपर्यंतचा तुकडा कापून घेतला होता. त्याला नाव दिलं होतं, काकू रॉक्स. काकूंचं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही. कुणी त्यावर ठेका बसवला. कुणी माझी शिट्टी फोनच्या घंटीला लावली. मी एका बाईच्या शेजारी उभा राहून मदतीसाठी ओरडत होतो, आणि त्यावर लोक लग्नाच्या मांडवात नाचले.

राधाबाईंच्या जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. एक नातेवाईक रतनरावांना म्हणाले की कार्यक्रम छान चालला होता हो तुमचा. रतनरावांनी त्यांना चहा दिला.

मला त्यांनी माळ्यावर टाकलं. करपलेलं घासलंही नाही. गोदाबाई डबा द्यायच्या, तो ते खायचे. बाहेर कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली की खिडकी लावून घ्यायचे. उन्हाळ्यातही लावायचे. कितीतरी महिने मी माळ्यावर झुरळांच्या संगतीत पडून होतो. माझा रबर वाळून तडकला. मला वाटलं, आता मोडीत जाणार. वाईट वाटलं नाही. माझ्या शिट्टीचा उपयोग काय झाला ते मी पाहिलं होतं.

एक दिवस रतनराव मंडईत गेले होते. तिथलं पुढे त्यांनी मैत्रीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. तिथे भाजीवाल्या बाईने त्यांना आवाजावरून ओळखलं. अहो काका, नऊ शिट्ट्यावाले तुम्हीच ना, म्हणाली. शेजारच्या गाळ्यांवरच्या बायका गोळा झाल्या. तिने फोन काढून तो तुकडा लावला, कोथिंबिरीच्या ढिगावर ठेवला, आणि सगळ्यांनी मिळून पाहिला. रतनरावांनीही पाहिला. तोवर त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. बाई म्हणाली, काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि कोथिंबिरीची जुडी तिने पैसे न घेता पिशवीत टाकली.

ती जुडी घेऊन ते घरी आले आणि मला माळ्यावरून काढलं. बरोबर नवा रबर आणला होता. काथ्याने घासघासून त्यांनी माझा तळ साफ केला. काळं पुरतं निघालं नाही. मग त्यांनी मैत्रीला फोन करून बोलावलं आणि स्टँड लावायला सांगितलं.

मैत्री नको म्हणाली. "बाबा, लोक याचीही गंमत करतील."

"करू देत. गंमत मी सुरू केली होती. संपवताही मलाच येईल."

रतनराव खुर्चीत बसले. मी गॅसवर होतो. मधला पडदा त्यांनी काढून टाकला होता, त्यामुळे मला त्यांची पाठ दिसत होती. ते म्हणाले, "नमस्कार, जयभीम. आजचा सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. नाव नऊ शिट्ट्या. खर्च काही नाही. हिरो एकच, तो मी. हिरोला कान आहेत पण ऐकू येत नाही. हिरॉइन शेवटपर्यंत पडद्यावर येत नाही. दुसऱ्या शिट्टीला ती जमिनीवर पडते. हिरो खुर्चीत बसून विनोद करतो. बाकीच्या सिनेमात हिरो काच फोडून, भिंत फोडून येतो. या हिरोला एक पडदा सारायचा होता. तेवढंही त्याला जमलं नाही."

मैत्री फोनमागे उभी होती आणि तिने तोंडावर पदर दाबला होता.

"तिचा चेहरा दाखवा म्हणायचात तुम्ही," रतनराव म्हणाले. "चेहरा ती दाखवणार नव्हती, तर मीही दाखवत नाही. तिचं नाव राधा. कुकरच्या झाकणावर आहे. तुम्ही..."

तेवढ्यात माझी पहिली शिट्टी झाली.

रतनराव बोलता बोलता उठले. वाक्य अर्धं टाकून उठले. आत आले, गॅस बंद केला, आणि ओट्याजवळच्या रिकाम्या फरशीकडे बघत उभे राहिले. बाहेर फोन चालू होता. त्यात लोकांना एक रिकामी खुर्ची दिसत होती. ते परत खुर्चीत जाऊन बसले नाहीत.

तोही व्हिडिओ लोकांनी पाहिला. काही जणांनी माफी मागितली. काही जणांनी रडणारी तोंडं पाठवली. एकाने लिहिलं, काका, ॲक्टिंग जबरदस्त. एकाने लिहिलं, बाकीच्या शिट्ट्या कुठे आहेत. मैत्रीने ते वाचून फोन पालथा ठेवला.

आता आमच्या घरी कुणी कॅमेरा लावत नाही. रतनराव रोज मला गॅसवर चढवतात आणि हलत नाहीत, शेजारीच उभे राहतात. पहिली शिट्टी झाली की लगेच गॅस बंद करतात. वरण कच्चं राहतं. तेच ते जेवतात.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे काही मागणी नाही. माझा रबर नवा आहे, मी अजून पाच-दहा वर्षं काढीन. तुमच्या घरी मात्र रोज कुकर होत असेल. तुम्ही बाहेरच्या खोलीत फोन बघत असाल आणि आत कुणीतरी एकटं असेल. तेव्हा शिट्ट्या मोजू नका. पहिलीलाच उठा आणि आत जाऊन बघा.